पाहुणी ओळ

"‘गटार’ हा शब्द या समितीच्या अहवालात जाणार नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

अध्यक्षांनी चष्मा काढला की विषय संपला, असा समितीचा न सांगितलेला नियम होता. पण आज समितीत एक नवे सभासद आले होते आणि हा नियम त्यांच्या कानावर कुणी घातला नव्हता.

"अहो साहेब, पण ते गटारच आहे," जुळारीकाका म्हणाले. "पुस्तक उघडलं की दोन पानांच्या मधोमध खाच दिसते ना, ती. तेवढी जागा सोडली नाही तर अक्षरं शिवणीत जायची आणि गिऱ्हाईक बोंबलत दारात यायचं. इंग्रजीत गटर, आमच्याकडे गटार. सोपं!"

"आपण त्याला ‘मध्यसमास’ म्हणू."

"म्हणा की. माझं काय जातंय? पण आमच्याकडे अक्षरं पडायची ती गटारात पडायची. मध्यसमासात पडलेलं अक्षर मी तरी बघितलेलं नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाषाबाई हसल्या. भाषाबाई म्हणजे सगळं आयुष्य शब्दकोशाच्या कामात काढलेल्या, पांढऱ्या केसांच्या, पाठ ताठ ठेवून बसणाऱ्या विदुषी. त्या हसू शकतात हे समितीला आजवर माहीत नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला.

प्रकरण असं होतं. एका कंपनीला टंकलेखनाची संगणक-प्रणाली पुरती आपल्या भाषेत आणायची होती. म्हणजे अक्षरं आपली तर होतीच, पण बटणंही आपली, याद्याही आपल्या, सूचनाही आपल्या. त्यासाठी ही समिती. कंपनीच्या माणसाने इंग्रजी शब्दांची यादी आधी एका भाषांतर करणाऱ्या यंत्रातून काढून आणली होती आणि यंत्राने आपलं काम इमानेइतबारे केलं होतं. ओळ दोन्ही कडांना सरळ बसवायच्या ‘जस्टिफाय’ बटणाला यंत्र म्हणालं, ‘समर्थन करा’. चित्र कागदाच्या कडेबाहेर नेण्याला, म्हणजे ‘ब्लीड’ला, म्हणालं, ‘रक्तस्राव’. पहिल्या बैठकीत ही यादी मोठ्याने वाचली गेली तेव्हा चहा आणणारा माणूस दारातच थबकला होता. त्याला वाटलं, आत अपघात विभागाची बैठक चालली आहे.

कंपनीचा तो माणूस, संगणकवाला, जुळारीकाकांच्या वरच्या मजल्यावर राहायचा. एका संध्याकाळी जिन्यात तो काकांना म्हणाला, "काका, यातले निम्मे शब्द छापखान्यातले आहेत म्हणे. तुम्ही खिळे जुळवायचात ना? याच एकदा." काकांनी सगळी नोकरी अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवण्यात काढली होती. आसपासच्या लोकांनी त्यांना जुळारी हे नाव देऊन टाकलं होतं, आणि छापखाना बंद पडून भंगारात गेला तरी ते नाव तेवढं शिल्लक होतं. संगणकवाल्याचे शब्द ऐकून काका जिन्याच्या दोन पायऱ्या उगीचच पुन्हा वर चढले. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते सांगत होते, "तो संगणक आहे ना, आतून सगळा आमचाच आहे. यांनी फक्त वरून काच बसवली."

"आणि तो उंदीर? माउस?" न्हाव्याने विचारलं.

"तोही आमचाच. कागदाच्या कोठीत उंदीर किती होते, कधी बघितलंस का?"

समितीत मात्र पहिल्या अर्ध्या तासात काकांची पंचाईत झाली. अध्यक्षांना छापखान्यातला अस्सल, जुना, आपल्या मातीतला शब्द हवा होता. त्यांनी पेन्सिल सरसावून विचारलं, "फॉन्टला आपण काय म्हणायचात?"

"फाँट."

"तसं नव्हे. आपला शब्द?"

"फाँट हाच. शिसं वितळवून साच्यात ओतायचे ना, त्या ओतण्यावरनं आलाय म्हणे तो. एका घडणीचे, एका मापाचे सगळे खिळे म्हणजे एक फाँट."

"बरं. दोन ओळींमधल्या अंतराला? लेडिंगला?"

"लेड. शिशाची पट्टी असायची. लांबुडकी, पातळ. ओळ दाटली की मधे एक लेड सारायची. म्हणून लेडिंग."

"आणि समासाला?"

"मार्जीन."

अध्यक्षांची पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. "म्हणजे इतक्या वर्षांत तुम्ही आपल्या भाषेतला एकही शब्द वापरला नाहीत?"

"वापरला की. एखादा खिळा हातातून पडला की वापरायचो. पण तो अहवालात घालता येणार नाही."

तरीही काकांचा उपयोग झाला, कारण वस्तू त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. ओळ दोन्ही कडांना कशी बसवायची हे त्यांनी टेबलावर बिस्किटं मांडून दाखवलं. "शब्दांच्या मधे जाडे-पातळ तुकडे घालायचे आणि ओळ घट्ट बसवायची. सैल राहिली तर उचलताना सांडते." त्यांनी बिस्किटांची रांग दोन्ही बाजूंनी दाबून उचलली. ती सांडली नाही. ‘समर्थन करा’ खोडून भाषाबाईंनी ‘ओळ बसवा’ असं लिहिलं, आणि अध्यक्षांचं ‘उभयपार्श्वसमायोजन’ मागे पडलं. "सर, बटणात सात-आठच अक्षरं मावतात," असं संगणकवाला पुन्हा पुन्हा सांगत होता. अध्यक्षांचा एकही शब्द तेवढ्यात मावत नव्हता.

इंग्रजीतल्या मोठ्या आणि बारक्या लिपीचा विषय निघाला तेव्हा काका रंगात आले. "खिळ्यांच्या लाकडी पेटीला केस म्हणायचे. इंग्रजीसाठी दोन केस, एकीच्या वर एक. मोठी अक्षरं वरच्या केसमध्ये, म्हणून ती अप्पर केस. बारकी खालच्या केसमध्ये. कधीकधी वरची केस अगदी रिकामी व्हायची. काही म्हणजे काही नाही! मग खालच्या केसवर भागवायचं."

अध्यक्षांच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि मिशा मात्र भरघोस होत्या. त्यांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. काकांच्या मनात काही नव्हतं, पण भाषाबाईंना चहाचा ठसका लागला.

त्यानंतर संगणकवाल्याने यादीतली पुढची नोंद वाचली.

"विधवा-अनाथ नियंत्रण."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"सर, परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या डोक्यावर गेली तर इंग्रजीत तिला विडो म्हणतात. विधवा. आणि पहिलीच ओळ एकटी पानाच्या तळाशी राहिली तर ऑर्फन. अनाथ. तसं होऊ नये म्हणून प्रणालीत एक सोय असते. तिचं नाव विडो-ऑर्फन कंट्रोल."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. हा छापखान्यातला शब्द, त्यांना माहीत असणारच. पण इतका वेळ बोलणारे काका टेबलावरचं बिस्कीट उचलून त्याच्या कडा न्याहाळत होते.

त्याला कारण होतं. काका छापखान्यात नवीन लागले तेव्हा फोरमन त्या ओळीला सरळ ‘विधवा’च म्हणायचा. तो मोठ्या छापखान्यातून शिकून आला होता आणि तिथला शब्द त्याने तसाच्या तसा आपल्या भाषेत आणला होता. छपाई खाली चालायची आणि छापलेल्या कागदांच्या घड्या घालायचं काम वर माळ्यावर. एक दिवस काका प्रूफ बघत होते. पानाच्या डोक्यावर त्यांना तसली ओळ दिसली. यंत्राचा खडखडाट चालू होता, म्हणून त्यांनी फोरमनला बेंबीच्या देठापासून हाक मारली, "अहो, वर विधवा बसलीय! तिचं काय करू?"

त्याच क्षणी यंत्र थांबलं. आणि माळ्यावरून एका बाईचा आवाज आला, "काही करू नका. ती कामात आहे."

माळ्यावर त्याच आठवड्यात एक नवी मुलगी लागली होती. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. हे सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं, फक्त काकांना नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस काकांनी माळ्याच्या जिन्याकडे तोंड केलं नाही. फोरमनच्या पाया पडून त्यांनी तो शब्दच बदलून घेतला. त्या ओळीला ‘पाहुणी’ म्हणायचं ठरलं. एका पानावरची ओळ दुसऱ्या पानावर उतरायला आली, म्हणून पाहुणी. छापखान्यात "पाहुणी आली", "पाहुणीची सोय बघा" असं सुरू झालं. मग हळूहळू काका माळ्यावर जाऊ लागले. छापलेले कागद वर पोचवणं हे त्यांचं काम नव्हतं, पण ते स्वतः गठ्ठे खांद्यावर टाकून वर नेऊ लागले आणि हमालाला खाली बसून विडी ओढायची चैन मिळाली. पुढे त्या मुलीशी काकांचं लग्न झालं. काकांच्या आईने महिनाभर अबोला धरला. नंतर सुनेशी तिचं इतकं जमलं की अबोला काकांशी धरला जाऊ लागला.

ही गोष्ट काका पुढे आयुष्यभर सांगत आले होते. शेवट ठरलेला असायचा, "हिच्यासाठी मी एक शब्द बदलला."

पण समितीत ती सांगावीशी त्यांना वाटली नाही. ते नुसतं म्हणाले, "हा शब्द नको. आमच्याकडे पाहुणी म्हणायचे. पाहुणी ओळ. चांगला आहे, मावतो पण."

"मूळ शब्द का नको?" भाषाबाईंनी विचारलं.

"शोभत नाही."

"कुणाला?"

"बायकांना. म्हणजे ऐकायला बरं नाही वाटत. कुणी तशी बाई संगणकावर काम करत असेल, तिनं ती यादी उघडली, तर तिला काय वाटेल?"

"तशी म्हणजे कशी?"

काकांनी बिस्कीट खाली ठेवलं.

"मी विधवा आहे," भाषाबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि मी संगणकावर काम करते."

अध्यक्ष चहाच्या कपात बघू लागले. कप रिकामा होता.

"बाई, माफ करा, मला माहीत नव्हतं. नाहीतर मी..."

"नाहीतर काय? आणखी हळू बोलला असतात?"

भाषाबाई पुढे म्हणाल्या, "शब्द झाकून माणसं झाकली जात नाहीत, काका. माझं मत मूळ शब्दाला." अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

काका घरी आले ते तणतणतच. काकू गॅलरीत धुतलेले कपडे वाळत घालत होत्या. "झाली का बैठक?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"काय ठरलं?"

"गटाराचं ठरलं."

"एवढा परीटघडीचा शर्ट घालून गेलात तो गटारासाठी?"

एवढ्यावर भागलं असतं. पण संगणकवाला वर जाताना दारात थांबला आणि कौतुकाने म्हणाला, "काकू, काका आज विधवांसाठी काय भांडले! ऐकायला हवं होतं तुम्ही."

काकूंच्या हातात ओला टॉवेल होता. "कोणत्या विधवांसाठी?"

संगणकवाल्याने काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला वर काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवलं.

मग काकांना सगळं सांगावं लागलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि ‘विधवा नियंत्रण’ हे शब्द आल्यावर त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की टॉवेल पिळत खाली स्टुलावर बसल्या.

"नियंत्रण कोण करणार?"

"संगणक."

"अरे देवा! पहिल्या घरी सासूने केलं, जावेने केलं, शेजारपाजाऱ्यांनी केलं. आता संगणकाने तेवढं करायचं राहिलं होतं!"

"तेच म्हणतोय मी! म्हणून तर पाहुणी म्हणा म्हटलं. तुझ्यासाठी बदललेला शब्द..."

काकूंचं हसणं थांबलं. त्यांनी टॉवेल उलगडला, झटकला आणि दोरीवर टाकला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तो शब्द मला कधीच आवडला नाही."

"कोणता?"

"पाहुणी."

काकांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"तुम्ही त्या दिवशी ओरडलात ना, तेव्हा मला राग नव्हता आला," काकू म्हणाल्या. "हसू आलं होतं. घरी हसायची सोय नव्हती, म्हणून किती दिवसांनी हसले होते. राग आला तो नंतर. सगळा छापखाना ‘पाहुणी, पाहुणी’ करायला लागला. मला काय कळत नव्हतं, कुणामुळे ते? मी तिथे पोटासाठी घड्या घालत होते. सकाळी तुमच्या आधी यायची, संध्याकाळी तुमच्या नंतर जायची. आणि मी पाहुणी? पाहुणी म्हणजे आज आहे, उद्या जाणार. कुठे जाणार होते मी?"

काका दाराच्या चौकटीला टेकले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती कौतुकाने सांगायचात सगळ्यांना. रंगून जायचात. तुमच्या तोंडचा घास कुठे काढून घ्यायचा?"

मग काकांनी पडेल आवाजात विचारलं, "मग मला हो कशाला म्हणालीस?"

"त्या ओरडण्यामुळेच. बाकीचे सगळे मला बघितलं की आवाज खाली करायचे. तुम्ही एवढ्या मोठ्याने ओरडलात, कारण मी वर आहे हे तुमच्या गावीही नव्हतं. म्हटलं, मी कोण आहे हे ह्या माणसाच्या लक्षात राहणार नाही. बरं पडेल."

"आणि?"

"आणि काय? लग्न झाल्यापासून माझा वाढदिवससुद्धा लक्षात राहिला नाही तुमच्या. माझा अंदाज चुकला नाही."

त्या रात्री काका जेवले कमी. पुढचे दोन-चार दिवस ते न्हाव्याकडेही गेले नाहीत. पुढच्या बैठकीच्या दिवशी सकाळी काकूंनी कपाटातली चांगली साडी काढली, तेव्हा काकांनी घाबरून विचारलं, "तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. मला बघायचंय."

"अगं, तिथे सभासदांनाच..."

"मी मागे बसेन. पाहुणी म्हणून."

काकांनी निमूटपणे चपला घातल्या.

समितीच्या खोलीत अध्यक्षांनी उठून खुर्ची पुढे केली. "आपण?"

"मी ह्यांची बायको," काकू म्हणाल्या. "त्याआधी विधवा होते. तुमच्या त्या ओळीशी माझं दोन्हीकडून नातं लागतं."

अध्यक्षांनी सवयीने चष्म्याला हात घातला. भाषाबाईंनी मात्र आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि काकूंना तिथे बसवून घेतलं. पाच मिनिटांत दोघी इतक्या हळू आणि इतक्या भरभर बोलायला लागल्या की समितीचं काम अडून राहिलं. मधेच भाषाबाई खळखळून हसल्या आणि त्यांनी काकांकडे बघितलं. माळ्यावरची गोष्ट सांगून झाली होती, हे काकांनी ओळखलं. काकांनी बिस्किटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"तर," अध्यक्ष खाकरले. "विधवा की पाहुणी?"

"शब्दाचं मला काही नाही," काकू म्हणाल्या. "तो शब्द माझ्या अंगावर होता तेव्हाही त्याचं ओझं नव्हतं. ओझं होतं ते नियंत्रणाचं."

"माझंही तेच म्हणणं व्हायला लागलंय," भाषाबाई म्हणाल्या.

"पण इंग्रजीत कंट्रोल आहे," संगणकवाला काकुळतीला येऊन म्हणाला.

"ते इंग्रजीतल्या बायकांनी बघून घ्यावं," काकू म्हणाल्या. मग त्या काकांकडे वळल्या. "अहो, खाली तुम्ही नेमकं काय करायचात त्या ओळीचं? ती एकटी पडली की?"

काकांना कितीतरी वेळाने कुणी कामाचं विचारलं होतं. ते सावरून बसले. "तिला मागे ढकलता यायचं नाही. मागचं पान भरलेलं असायचं, तिथे जागा कुठली? मग मागच्या पानावरची शेवटची ओळ उचलायची आणि हिच्या वर आणून बसवायची. म्हणजे दोघी झाल्या."

"म्हणजे तिला हलवत नव्हतात."

"छे! तिला कशाला हलवायचं? ती आहे तिथे बरी आहे. दुसरीला सोबतीला आणायची."

भाषाबाईंनी पेन उघडलं. "सोबत," त्यांनी लिहिलं. मग वर बघून म्हणाल्या, "ओळीला सोबत. ही सोय करते काय तेच सांगितलंय, आणि कुणाला आवरायला नको. शब्दसूचीत विधवा हा शब्द अर्थासकट राहील. तो मी काढू देणार नाही."

"राहू दे की," काकू म्हणाल्या.

"त्यापेक्षा ‘सहवासयोजना’..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"सर, मावायला हवं," संगणकवाला म्हणाला.

मतं घ्यायची ठरलं. "‘पाहुणी’च्या बाजूने?" अध्यक्षांनी विचारलं. काकांचा हात सवयीने अर्धा वर गेला. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. तो हात तसाच वळून कान खाजवायला गेला. ‘ओळीला सोबत’ बिनविरोध मंजूर झालं.

प्रणाली बाहेर यायला बरेच महिने लागले. मधे कंपनीतली माणसं बदलली, याद्या एकमेकींत मिसळल्या, आणि शेवटी जे बाहेर आलं त्यात अर्धी यादी समितीची होती आणि अर्धी त्या यंत्राची. मध्यसमासाच्या जागी ठसठशीत ‘गटार’ आलं होतं. अध्यक्षांनी कंपनीला निषेधाचं पत्र पाठवलं. ते त्यांनी त्याच प्रणालीत लिहिलं होतं आणि त्याच्या दोन्ही कडा सरळ होत्या, म्हणजे पत्र लिहिताना त्यांना ‘समर्थन करा’ हे बटण दाबावं लागलं होतं. भाषाबाईंनी फोन करून ही बातमी काकूंना सांगितली. दोघींचं आता आठवड्यातून एकदा तरी बोलणं व्हायचं. त्यात काका कुठेच नसायचे.

एका रविवारी संगणकवाला आपला संगणक घेऊन खाली आला. "‘सोबत’ राहिलं बरं का काका," तो म्हणाला. "मावलं म्हणून वाचलं." त्याने जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला, कुठलासा मजकूर आणला आणि दोन पानं शेजारीशेजारी दाखवली. उजव्या पानाच्या डोक्यावर अडीच शब्दांची एक ओळ एकटी होती. त्याने ‘ओळीला सोबत’च्या चौकटीत खूण केली. डाव्या पानाची शेवटची ओळ नाहीशी झाली आणि उजव्या पानावर त्या एकटीच्या वर येऊन बसली. आवाज नाही, धूळ नाही. हाताला शिसंसुद्धा लागलं नाही.

काका खुर्चीतून पुढे वाकले. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांची भुवई चढली.

"हे काय? डावं पान तळाशी उघडं राहिलं."

"एक ओळ गेली ना काका तिथली. तेवढी जागा राहणारच."

"आम्ही नव्हतो ठेवत अशी. उघडं पान बाहेर जाऊ देणं म्हणजे लाज. वरच्या ओळींच्या मधे पातळ लेडा सारायच्या, एक इथे, एक तिथे. पान तळापर्यंत भरून यायचं. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"मला लागायचा," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. काकू हात पुसत त्यांच्या मागे येऊन उभ्या होत्या.

"घडी घालताना कागद खिडकीच्या उजेडात धरायचे मी," त्या म्हणाल्या. "एरवी पुढच्या ओळीच्या पाठीला मागच्या बाजूची ओळ बरोबर बसायची. तुम्ही लेडा घातलेल्या पानाची बसायची नाही. सरकत सरकत जायची खालपर्यंत. कुठून ओळ उचललीत ते मला वरूनच कळायचं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

संगणकवाल्याला वर जायचं होतं, पण संगणक कसा मागावा ते त्याला कळेना, म्हणून तो टेबलाला टेकून उभा राहिला. काकांनी शेजारची खुर्ची ओढून काकूंसाठी पुढे केली, आपला चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"कसं ओळखायचीस, दाखव बघू," ते म्हणाले.

काकू बसल्या. त्यांनी काचेला न लावता बोट डाव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर धरलं आणि सावकाश, अगदी सरळ, उजव्या पानावरच्या समोरच्या ओळीकडे नेलं.